दाळबंदीवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना लग्नाचं आमंत्रण दिलं की ते आधी विचारायचे, पंगत किती वाजता बसणार? ऐकणाऱ्याला वाटायचं, गृहस्थ खवय्या दिसतो. ते वेळेवर यायचे, पहिल्या पंगतीत मांडी घालून बसायचे, आणि वाढपी बट्टीची परात घेऊन समोर आला की पानावर आडवा हात धरून पिशवीतून स्वतःचा पितळी डबा काढायचे. डब्यात बिनमिठाचा भात आणि दोन केळी. डाव्या-उजव्या बाजूला लोक बट्टी कुस्करून तिच्यावर वरण आणि तुपाची धार घेत असायचे आणि हे मधोमध बसून सावकाश भात चावायचे. वधूपिता हात जोडून उभा राहायचा. त्याला ते म्हणायचे, मी पोटभर जेवतोय, तुम्ही पुढे व्हा. आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत खरोखरच पानावरून उठायचे नाहीत.

जळगावात त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे कंपाउंडर होतो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिशीला आलेला, दोन मुलांचा बाप, असोद्याहून रोज सायकलने यायचो. डॉक्टर साताऱ्याकडचे. इतक्या लांब खानदेशात का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सगळ्या जगाला अहो-जाहो करायचे. दवाखान्याच्या ओट्यावर एक शेळी रोज चढायची, तिलाही "खाली उतरा" म्हणायचे. जानेवारीतही हातात छत्री. आणि अंगात बारा महिने तेरा काळ एकच करडा कोट. जळगावच्या मे महिन्यात कोट घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचा जीव होता तो रक्तदाब मोजायच्या यंत्रावर. गावात अशी यंत्रं तेव्हा फार नव्हती. पाऱ्याची उभी नळी, लाकडी पेटी, आणि पेटीवर गुंडाळलेलं उपरणं. ते त्यांच्या लग्नातलं होतं. रोग्याने आधी अंगणातल्या निंबाखाली दहा मिनिटं गप्प बसायचं, मगच आत यायचं. एक कापसाचे व्यापारी निंबाखालीसुद्धा भाव बोलत राहायचे, म्हणून त्यांना तीन वेळा तसंच परत पाठवलं. चौथ्या वेळी ते तोंडावर रुमाल धरून बसले. डॉक्टर रबरी फुगा दाबत, पारा चढत जाई, आणि उतरताना ते कानात नळ्या घालून असे ऐकत की जणू पलीकडून कुणी खासगी काही सांगतंय. मग म्हणायचे, "तोंड काहीही सांगेल. पारा खरं सांगतो." हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकलं असेल.

रक्तदाबाला तेव्हा औषधं फारशी नव्हती. जे काही होतं ते पथ्यात. मीठ बंद, ते तर सगळेच सांगत. पण आमच्या डॉक्टरांनी त्यात दाळ घातली. मांस, अंडी, दूध आणि दाळ, जे जे म्हणून प्रथिनांचं, ते ते बंद. त्यांचं म्हणणं असं की हे अन्न पचल्यावर जो गाळ उरतो तो उपसता उपसता मूत्रपिंडं थकतात आणि रक्ताचा जोर वाढतो. त्या काळी मोठमोठे डॉक्टरही असं मानत होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो. पण मोठ्या डॉक्टरांचे रोगी घरी जाऊन विसरत. आमचे डॉक्टर घरी जाऊन बघत. संध्याकाळी रोग्याच्या स्वयंपाकघरात डोकावून, पातेल्यावरचं झाकण उचलून, "हे काय आहे?" म्हणून विचारणारा डॉक्टर मी तेवढाच पाहिला. खानदेशातल्या माणसाची दाळ काढून घेणं म्हणजे काय, हे साताऱ्याकडच्या माणसाला कळणं कठीण होतं. सरकारने नुकतीच दारूबंदी केली होती. गावातले टवाळ म्हणायचे, सरकारची दारूबंदी आणि आपल्या डॉक्टरांची दाळबंदी. पहिलीतून पळवाट आहे, दुसरीतून नाही.

त्यांना स्वतःला रक्तदाब होता. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दोन्ही दंडांवर पट्टा बांधून मोजायचे आणि मला वहीत आकडा लिहायला लावायचे. वडील आणि थोरले भाऊ दोघंही झटक्याने गेले होते. वडिलांचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. लग्नघर होतं, वडील भरपेट जेवून पंगतीतून उठले, हात धुवायला ओसरीपर्यंत गेले आणि तांब्या हातात असतानाच कोसळले. त्या दिवसापासून हे पंगतीत जाऊन बसायचे ते जेवायला नाही. सगळ्यांच्या आधी जेवणाला भिडायचं आणि सगळ्यांच्या नंतर उठायचं, हा त्यांचा वडिलांच्या मरणाशी चाललेला हट्ट होता. हे ऐकल्यावर त्यांच्या पितळी डब्याला मी हसलो नाही.

पण माणूस झिजताना दिसत होता. पाच वर्षांत त्यांचे गाल बसले, मनगटं काडीसारखी झाली, पायांवर सूज यायला लागली. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आले की खुर्चीचा हात धरून थांबायचे. पारा मात्र खाली होता, आणि पारा खाली आहे म्हटल्यावर त्यांच्या लेखी सगळं ठीक होतं.

दवाखान्याच्या समोर आबांचं शिवणकामाचं दुकान होतं. आबा धुळ्याकडचे, साठीच्या घरातले, बोलायला कमी. त्यांनाही रक्तदाब. डॉक्टरांचा शब्द त्यांच्या लेखी शेवटचा. इतर रोगी दाळ चोरून खायचे, पकडले जायचे, शपथा घ्यायचे. आबांनी पहिल्या दिवशी ऐकलं आणि संपलं. त्यांच्या बायकोने, तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, घरात दाळ शिजवणंच सोडलं. नवरा खात नाही तर आपण कशी खायची, म्हणून. दुपारी दोघं समोरासमोर बसून बिनमिठाचा भात आणि केळं खायची. इकडे दवाखान्यात डॉक्टरही तेच खात असायचे. मी मधल्या रस्त्यावर उभा राहिलो तर मला दोन्हीकडची पानं दिसायची.

डॉक्टरांचा कोट आबांनी शिवलेला. डॉक्टर रोडावले तसा कोट लोंबायला लागला आणि वर्षातून एकदा तो समोर जायचा. आबा दोन्ही कुशींना थोडं थोडं आत घ्यायचे. मी एकदा म्हटलं, आबा, आतलं जादा कापड कापून टाका, जाडजूड लागत असेल. ते सुई दातात धरून नुसते मान हलवत राहिले. कोट आत घेणारे आबाही तेवढेच आत चालले होते, पण त्यांचा सदरा कोण आत घेणार?

आता माझ्या अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली चुलती, पण असोद्यात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. केळीच्या मळ्यात दिवसभर राबणारी बाई. तिला घेरी यायला लागली म्हणून मी तिला सायकलवर मागे बसवून दवाखान्यात आणलं. पारा इतका वर गेला की डॉक्टरांनी दोनदा मोजलं. मीठ बंद, लोणचं-पापड बंद, डाळ बंद. अक्काने मान डोलावली. महिन्याने आली तर पारा उतरलेला. आणखी दोन महिन्यांनी आणखी उतरलेला. घेरी गेली, चेहरा तुकतुकीत, आणि असोद्याहून चालत यायला लागली. डॉक्टर हरखून गेले. नवा रोगी कुरकुर करायला लागला की म्हणायचे, असोद्याच्या आजींकडे बघा. डाळ सोडली आणि काय झालं बघा. अक्का दवाखान्यात असली तर तिला उभं करून दाखवायचे. ती पदर सावरून उभी राहायची आणि म्हणायची, बंद हाये, डागदर, दाय बंद हाये.

एका रविवारी मी तिच्याकडे गेलो तर ती भाकरी थापत होती. मी परातीतलं पीठ पाहिलं. कळण्याचं पीठ. आमच्याकडे ज्वारी दळताना तिच्यात उडीद मिसळतात, सालासकट. त्या पिठाची ती काळपट भाकरी. घरोघरी तीच असते. इतकी की तिच्यात उडीद आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. मी म्हटलं, अक्का, हे काय, यात उडीद आहेत. ती म्हणाली, मग काय झालं, ही भाकर आहे. दाळ शिजवून, फोडणी देऊन, वाटीत वाढतात ती दाळ. ती तिने चार महिन्यांत तोंडाला लावली नव्हती. दळताना कळण्यात मीठ घालायची पद्धत, तेही तिने सोडलं होतं. तिने डॉक्टरांना एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टरांनी भाकरी कधी विचारली नव्हती, कारण भाकरीत दाळ असू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी गप्प बसलो. कारण सांगतो. डॉक्टर चुकत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, अक्का पथ्य मोडते आहे, सांगितलं तर तिची भाकरीही जाईल, आणि भाकरी गेली की त्या बाईजवळ उरलं काय? तेव्हा माझ्या माणसाचं मी झाकलं. पारा उतरतोय ना, मग चालू दे, असं म्हटलं. अक्का उडीद खाऊन बरी होते आहे आणि समोर आबा उडीद सोडून झिजताहेत, या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर रोज होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायला मला आठ महिने लागले.

त्या हिवाळ्यात आबांना ताप आला. छातीत कफ भरला. औषधं डॉक्टरांनीच दिली, दिवसातून तीन वेळा रस्ता ओलांडून जात होते. पण आबांच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. सहाव्या दिवशी ते गेले. डॉक्टर परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कुठेतरी पथ्य मोडलं असणार त्यांनी."

मला आजवर इतका राग कधी आला नाही. त्या माणसाने मरताना मागितलेलं पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मी हातातली बाटली फळीवर ठेवली आणि म्हटलं, "पथ्य आबांनी नाही मोडलं, साहेब. पथ्य माझ्या अक्काने मोडलंय. ती दोन्ही वेळा उडीद खाते."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते यंत्राच्या पेटीवर उपरणं गुंडाळायला लागले, दोनदा सोडलं, दोनदा गुंडाळलं. मग मला म्हणाले, उद्या दवाखाना बंद ठेवा, टांगा सांगा.

असोद्याला अक्काच्या अंगणात ते खाटेवर बसले. कळणा कसा करतात ते दाखवा म्हणाले. अक्काला वाटलं, चोरी पकडली गेली. तिने घाबरत घाबरत माप आणलं. चार मापं ज्वारी, एक माप उडीद. डॉक्टरांनी पिशवीतून औषधं तोलायचा काटा काढला, एका भाकरीचं पीठ तोललं आणि चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. दिवसाच्या भाकऱ्यांत मिळून त्यांनी बंद केलेल्या वाटीभर वरणापेक्षा जास्त उडीद निघाले. ते आकडा पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

"आजी, मला तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमी दाय इचारली, म्या दायीचं सांगितलं," अक्का म्हणाली. "भाकर कुठी इचारली तुमी?"

"आणि मीठ?"

"मीठ नही टाकलं. तुमी नही म्हने ना."

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं, आणि असं हसताना त्या एकदाच, कारण हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. परतताना टांग्यात ते माझ्याशी बोलत नव्हते, पण ऐकायला मीच होतो. प्रथिनं म्हणजे मण्यांची माळ असते, म्हणाले. एक मणी कमी पडला तर माळ पुरी होत नाही. ज्वारीत जो मणी कमी असतो तो उडदात भरपूर, उडदात कमी तो ज्वारीत. तुमच्या बायकांनी दोन्ही एका जात्यात घातली. "हे मला परीक्षेत विचारलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं." टांगा गावात शिरला. मग म्हणाले, "पारा खरंच सांगत होता हो. मीठ सुटलं म्हणून उतरला. श्रेय मी डाळ सोडण्याला दिलं."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी जुनी पुस्तकं काढली, मुंबईच्या आपल्या गुरुजींना पत्र लिहिलं, उत्तर आल्यावर पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि मला लिहायला बसवलं. रक्तदाबाच्या प्रत्येक रोग्याला एक. मजकूर सगळीकडे तोच: आपणांस डाळ व दूध वर्ज्य करण्यास सांगितले ती माझी चूक होती. डाळ खावी. मीठ वर्ज्यच ठेवावे. ज्यांच्या लघवीत दोष आहे त्यांनी मात्र मला भेटल्याखेरीज बदल करू नये. मी म्हटलं, साहेब, "चूक" शब्द गाळू, "नवीन संशोधनानुसार" लिहू. ते म्हणाले, लिहा तसंच. पोस्टकार्ड उघडं असतं; पोस्टमननेही वाचलं आणि पानाच्या टपऱ्यांनीही. काही रोगी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. जो डॉक्टर स्वतःच चूक म्हणतो त्याचा काय भरवसा, असं म्हणाले. ते कापसाचे व्यापारी मात्र येऊन निंबाखाली दहा मिनिटं गप्प बसले, आणि आत येऊन म्हणाले, साहेब, पहिल्यांदा तुमच्यावर विश्वास बसला.

यादीत शेवटी एक नाव उरलं. आबांचं कार्ड त्यांनी मला लिहू दिलं नाही. मावशी तोवर दुकान बंद करून धुळ्याला भावाकडे गेली होती. आम्ही दोघं निघालो. चाळीसगावला गाडी बदलायची असते. तिथल्या पुलावर चढताना डॉक्टर चार वेळा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मी म्हटलं, साहेब, सगळ्यांना डाळ खा म्हणून लिहिलंत, तुम्ही सुरू केली का? ते कठड्याला धरून म्हणाले, आधी धुळ्याला जाऊन येऊ.

मावशी ओसरीवर गहू निवडत होती. डॉक्टर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ताप आबांना घेऊन गेला, पण तापाशी लढायची ताकद माझ्या पथ्याने काढून घेतली असावी. नक्की सांगता येत नाही, पण मला तसं वाटतं, म्हणाले. मला राहवलं नाही. मीही सांगितलं की मला आठ महिने ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. मावशीने सूप बाजूला सरकवलं. ती डॉक्टरांकडे बघत राहिली. त्यांच्या मनगटांकडे, सुजलेल्या पायांकडे, अंगावरच्या कोटाकडे. मग उठून आत गेली. डॉक्टर माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

ती आली ती ताट घेऊन. भाकरी आणि वाटीत उडदाची दाळ. घरच्यांसाठी सकाळी केलेली.

"त्यासनी तुमनं बठ्ठं आयकं," ती धुळ्याकडच्या अहिराणीत म्हणाली; बठ्ठं म्हणजे सगळं. "आते तुम्ही मनं एक आयका. हाई दाय खाई ल्या."

डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले. दाळीत मीठ होतं; मी सांगणार होतो, त्यांनी हाताने गप्प केलं. सहा-सात वर्षांनी त्या तोंडात दाळ गेली. ते सावकाश जेवले, वाटी बोटाने पुसून घेतली. मावशी समोर बसून होती, ती रडत होती, आणि वाटी रिकामी झाल्यावर तिने पुन्हा भरली.

निघताना तिने डॉक्टरांचा कोट मागून घेतला. कुशी उलटून आम्हाला दाखवल्या. दर वर्षी आत घेतलेलं सगळं कापड तिथे घडी घालून टाचलेलं होतं, बोटभरही कापलेलं नव्हतं. आबा म्हणायचे, हे पथ्य काही जन्मभराचं नाही, डॉक्टरसाहेब पुन्हा भरतील, तेव्हा कापड कुठून आणायचं? स्वतःचं पथ्य जन्मभर पाळणाऱ्या माणसाने डॉक्टरांपुरतं असं धरलं होतं. हे सांगून मावशीने कोट परत दिला, आणि भरलात की पाठवून द्या, मी उसवून देईन, म्हणाली.

दीड वर्षाने तो कोट मीच धुळ्याला घेऊन गेलो. डॉक्टर तोवर ओट्याच्या पायऱ्या न थांबता चढायला लागले होते, आणि पंगतीत बसले की बिनमिठाचं वरण मागून यजमानाची धांदल उडवायचे. मावशीने टाके उसवले, कोट सैल झाला. पण इतकी वर्षं आत दडलेल्या कापडाला ऊन लागलेलं नव्हतं. बाकीचा कोट विटून पांढुरका झाला होता आणि दोन्ही कुशींना मूळ रंगाचे दोन गडद पट्टे उमटले. दवाखान्यात आलेला प्रत्येक नवा रोगी आधी त्या पट्ट्यांकडे बघायचा. नवा कोट शिवून घ्या, असं मी दरवर्षी सांगत राहिलो. त्यांनी शेवटपर्यंत तोच घातला.